गाडीचं नंतर

परवा एक बाई आमच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरशी आल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे भिंतीवर लावलेल्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटकडे बघितलं आणि विचारलं, "ते सेंटवाले साहेब नाहीत का?"

"नाहीत. नोकरी सोडली त्यांनी. मस्कतला असतात."

"अगोबाई. मग आता?"

"मी आहे ना. काय होतंय गाडीला?"

"चालता चालता धाप लागल्यासारखं करते आणि बंद पडते," बाई म्हणाल्या. पण सांगताना त्यांचं लक्ष दाराकडे. जणू साहेब चहा प्यायला गेलेत आणि आत्ता येतील. "येणार नाहीतच म्हणता?"

बाईंची गाडी मी दुरुस्त केली. त्याच दिवशी, आणि नीट. जाताना त्या मनापासून म्हणाल्या, "छान केलंत हो. त्यांचा फोन आला तर सांगा, मी येऊन गेले म्हणून."

माणूस जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी काउंटरवर हे असं चाललंय.

सेंटवाले साहेब म्हणजे प्रसन्न. आम्ही दोघं एकाच कॉलेजातून मेकॅनिकलला, एकाच वर्गात. मी सरळ सांगतो, मला फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. त्याच्या नापास विषयांच्या केट्या एवढ्या, की शेवटच्या वर्षाला तो आमच्याबरोबर होता की मागच्या बॅचबरोबर, हे त्यालाही विचारून सांगावं लागायचं. त्याचे आजोबा शाळामास्तर, आत्या प्रोफेसर, वडील बोटीवर इंजिनिअर. त्याच्या घरात डिग्री म्हणजे कपाटातल्या फायलीतला एक कागद. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझी डिग्री आईने फ्रेम करून देवाच्या फळीशेजारी लावली आहे आणि सणाला तिलाही हार पडतो. हे मी लाजून सांगत नाही.

नोकरीला मी आधी लागलो, तो नंतर आला. माझ्याच शिफारशीने आला, हेही सांगून टाकतो.

पहिल्या दिवसापासून सेंट. वडील बोटीवरून आणायचे तसलीच बाटली. ग्रीस, ऑइल, जळक्या क्लचप्लेटचा वास, ह्या सगळ्यातून तो येतोय हे वळण्याआधी कळायचं. इस्त्रीचा शर्ट, गॉगल डोक्यावर. शर्टाला डाग पडलेला मी कधी पाहिला नाही, कारण तो सहसा बॉनेट उघडायचाच नाही. त्याचं काम बॉनेटच्या बाहेर चालायचं. गिऱ्हाईक तावातावाने सांगायला लागलं, "अहो, तिसऱ्या गिअरला असताना एकदम..." की हा हात वर करायचा.

"गाडीचं नंतर. आधी तुमचं सांगा."

"माझं काय?"

"कुठले तुम्ही? घरी कोण कोण? सकाळी गाडी कोण काढतं? चहा घेणार ना?"

मग चहा यायचा. तो बॉनेटवर रुमाल पसरून त्यावर कप ठेवायचा, गिऱ्हाईकाच्या गाडीच्या, आणि गिऱ्हाईकाला त्यात मान वाटायचा. मी पलीकडे स्कॅनर लावून उभा. मला आकडे हवे असायचे: इंजिन किती गरम असताना बंद पडतं, किती वेगाला, टाकीत पेट्रोल किती. तो सुनेच्या माहेरापर्यंत पोचलेला असायचा. जॉब कार्ड मात्र माझ्याकडून लिहून घ्यायचा. "तुझं अक्षर छान आहे, इंजिनिअर," म्हणायचा. मला तो इंजिनिअर म्हणायचा. स्वतः काय होता मग?

चहा संपला की तो मालकालाच गाडी चालवायला लावायचा आणि स्वतः शेजारी बसायचा. गॉगल डोळ्यांवर, त्याच्या आत डोळे मिटलेले. बोलणं चालूच. आणि बोलता बोलता मध्येच उजव्या हाताचं पहिलं बोट वर. म्हणजे इंजिन चुकलं. शंभर ठोक्यांतला एक ठोका गळला, की बोट वर. बोलणं न थांबवता. मी मागच्या सीटवर बसून कान लावायचो आणि सांगतो, ठोका मलाही ऐकू यायचा. पण त्याचं बोट आधी जायचं, आणि गिऱ्हाईक बोटाकडे बघतं, मागच्या सीटकडे नाही.

एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांची गाडी हेदवीच्या गणपतीला जाताना कधी बंद पडायची नाही, येताना हमखास पडायची. दोनदा आमच्याकडे येऊन गेली. आमचा नियम असा की टेस्ट ड्राइव्ह रत्नागिरीतच, मारुती मंदिरापासून साळवी स्टॉपपर्यंत आणि परत. तेवढ्यात गाडी कशाला बंद पडते? मी जॉब कार्डावर लिहिलं होतं, 'क्रँक सेन्सर बघावा.' इंजिन फिरतंय की नाही हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा तो छोटा भाग. तो तापला की कधीकधी गप्प होतो, निवला की पुन्हा बोलतो. मी लिहिलं होतं. माझ्या चांगल्या अक्षरात.

प्रसन्नने काय केलं? बाईंना विचारलं, "तुम्ही जाता कधी?" म्हणाल्या, "पहाटे." "आणि तिथे काय करता?" "दर्शन, मग आवर्तनं, मग प्रसाद घेऊन भर दुपारी निघते." "मग मलाही यायचंय," हा म्हणाला. सुट्टी टाकून गेला. आवर्तनांना बसला, पंगतीला जेवला, वर वाढायलाही उभा राहिला म्हणे. गाडी तेवढा वेळ उन्हात. परतताना घाटीत गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. ह्याने प्यायच्या बाटलीतलं पाणी त्या सेन्सरवर ओतलं, गाडी सुरू. तो भाग मग बदलला आम्ही. बदलला मी.

बाईंनी त्याला डबाभर उकडीचे मोदक आणून दिले. त्यातले दोन त्याने माझ्या टेबलावर ठेवले. "तू लिहिलं होतंस तेच निघालं बघ, इंजिनिअर."

"मग जायची काय गरज होती?"

"बाईंना कंपनी नव्हती रे. दर वेळी एकट्या जातात."

मी मोदक खाल्ले. चांगले होते, तेच तर.

तो नेहमी बरोबर असायचा असं मात्र कुणी समजू नये. लांज्याकडच्या एका चिरेखाणवाल्याची गाडी आली होती. चढावर पिकअप नाही, मिसिंग मारते, सिग्नलला थांबलं की बंद. प्रसन्नने डोळे मिटले, बोट वर केलं आणि जाहीर करून टाकलं, "पेट्रोलमध्ये पाणी." दोन पोरं लावून टाकी उतरवली. पेट्रोल स्वच्छ, काचेसारखं. शेवटी इंजिनकडे हवा नेणारी एक रबरी नळी चिरलेली निघाली. मी शोधली ती. नळीवर साबणाचं पाणी मारून, पुस्तकात सांगतात तशी. चिरेखाणवाला चिडेल म्हणून मी हसू दाबून उभा होतो. तर तो पोट धरून हसला. "साहेब, तुमी तर माझ्या विहिरीचं पाणी काढलं असतं गाडीतून," म्हणाला आणि प्रसन्नला घेऊन बाजारात सुरमईचं ताट खायला गेला. नळी शोधणारा मी मागे राहिलो, टाकी परत चढवायला.

मी चुकलो तर ती चूक. तो चुकला तर तो किस्सा. हा हिशेब मला आजही सुटलेला नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. नोकरीत असं चालतंच. पण मग आमच्या आप्पांची गाडी बिघडली.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव लांज्याच्या आत, हायवे सोडून बरंच. वाडीत घरं भरपूर, माणसं थोडी. बाकीचे मुंबईला. आप्पांकडे एक जुनी छोटी पेट्रोलची गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. कुणाचा ताप, कुणाचं बाळंतपण, कुणाला स्टेशनवरून आणायचं, सगळ्यांना ती गाडी. भाडं घेत नाहीत, पेट्रोल कुणी भरलं तर नाही म्हणत नाहीत. आप्पा चौथीपर्यंत शिकले. पण वाडीत आजारी माणसाच्या घरचे डॉक्टरच्या आधी आप्पांना फोन लावतात.

त्या गाडीला गचके यायला लागले. चांगली चालत असायची, मध्येच ठेच लागल्यासारखी अडखळायची, पुन्हा चालायची. कधी सरळ बंद. मी ती रत्नागिरीला आणली. स्कॅनर लावला, कॉम्प्युटरमध्ये एकही दोष नोंदलेला नाही. पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंप बदलला, प्लग बदलले, तो क्रँक सेन्सरही बदलला. स्वतः हातखंबा, पाली, लांजा अशी कितीतरी वेळा चालवली. मुद्दाम खड्ड्यांतून चालवली. एक ठोका चुकली नाही. आप्पांना नेऊन दिली. आठवड्यात त्यांचा फोन, "बाळ्या, परत बंद पडली रे."

असं दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. मग शेजारच्या काकींच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणून आप्पा तिला घेऊन निघाले आणि उतारावर गाडी बंद पडली. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा होतो. आप्पांनी गाडी कशीबशी कडेच्या दगडी गडग्याला घासत उभी केली. कुणाला काही झालं नाही. सून रिक्षातून पुढे गेली, मुलगी झाली, सगळं चांगलं. पण त्यानंतर आप्पांना फोन यायचे थांबले. कुणी काही बोललं नाही. नुसते थांबले.

मी रविवारी गेलो तेव्हा आप्पा अंगणात गाडी धूत होते. आई म्हणाली, "रोज धुतात. जात नायत कुठं, नुसती धुतात." मी आप्पांना म्हटलं, काहीतरी राहिलंय, मी शोधतो. ते म्हणाले, "तू केलंस ना बरोबर. ती म्हातारी झाली असंल." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलगा इंजिनिअर, गाड्यांच्याच कामाला, आणि बापाची गाडी गडग्याला. वाडी हे तोंडावर बोलत नव्हती एवढंच.

मग आईनेच विषय काढला. "तो तुझा दोस्त हाय ना, शिमग्याला आला व्हता तो. वास येतो त्याचा छान. त्याला दाखव की."

मी प्रसन्नला सांगितलं. सांगताना माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "गाडी आणू नकोस. आपण जाऊ."

आम्ही गेलो. चहा झाला, फणसाची भाजी झाली, आईची गुडघेदुखी झाली. मी घड्याळ बघत होतो. शेवटी तो उठला, "चला आप्पा, जरा फिरवून आणा मला." मी पुढचं दार उघडलं, तर म्हणतो, "तू मागे बस, इंजिनिअर. मला आप्पांशी बोलायचंय." माझ्या घराच्या अंगणात, माझ्या बापाच्या गाडीत, मी मागे.

आप्पा बसले आणि चावी लावली. आता इथे त्या चावीबद्दल सांगायला हवं. मुंबईला जाणारे लोक घर बंद करताना चावी आप्पांकडे ठेवून जातात. महिन्यातून एकदा दारंखिडक्या उघडायच्या, वाळवी बघायची, गणपतीच्या आधी झाडून ठेवायचं. अशा वाडीतल्या सगळ्या बंद घरांच्या चाव्या आप्पांच्या एका मोठ्या लोखंडी कडीत आहेत. जुन्या पितळी, नव्या चपट्या, एक तर वीतभर लांब, कुठल्याशा कोठाराची. गाडी घेतली तेव्हा गाडीची चावीही त्यांनी त्यातच अडकवली. तो जुडगा आप्पा कुणाच्या हातात देत नाहीत. गाडी मला द्यायची वेळ आली की तेवढी एकच चावी कडीतून सोडवून देतात. "लोकांची घरं हायत ती," म्हणतात. मलाही नाही. मला नाही म्हणजे नाहीच.

"आप्पा, हा खजिना कुणाचा?" प्रसन्नने विचारलं. गॉगल डोळ्यांवर, मान मागे टेकलेली.

"खजिना कसला. बंद घरं हायत."

"गाडीचं नंतर. ह्याचं आधी सांगा. पहिली चावी कुणाची?"

आप्पांनी गिअर बदलला. गाडी वाडीच्या रस्त्याने खडखडत चालली होती. मग म्हणाले, "भिकूची. ती पितळेची, कान मोडलेली."

"हे भिकू गेले म्हणून तुम्हाला दिली?"

"काय झालं, मीबी जाणार व्हतो ना त्या दिवशी. मुंबईला. मिलमध्ये नाय, एका हॉटेलात काम बघितलं व्हतं मेव्हण्याने. पिशवी भरून ठेवलेली. भिकू सकाळी आला, बायकोपोरं घेऊन निघालेला. चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, तू हायस म्हणून बरं. आता त्याला काय सांगू? मीबी चाललोय म्हणून? त्याची आयबी निघालेली, मागं घरात पाया पडत व्हती देवाच्या. मी चावी घेतली. म्हटलं पुढच्या महिन्यात जाऊ. पुढच्या महिन्यात दुसरी आली."

मी मागच्या सीटवर होतो. आप्पा मुंबईला का गेले नाहीत, हे मी जन्मात विचारलं नव्हतं. शेती होती म्हणून, असं मी आपलं धरून चाललो होतो. ते सांगत होते आणि आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, रस्त्यावर लागलेले. माझ्याकडे एकदाही आले नाहीत. सांगत होते ते त्याला.

पुढे ओढ्यावरची मोरी आली. मोरीवर रस्ता उखडलेला आहे. गाडी उडाली, इंजिन अडखळलं, आणि प्रसन्नचं बोट वर गेलं. दुसऱ्या चाकाला परत दणका, आणि गाडी बंद.

मी बघितलं तर ह्याने गॉगल काढला होता. डोळे सताड उघडे आणि नजर त्या जुडग्यावर. तो अजून झोपाळ्यासारखा हलत होता.

"आप्पा, बंद पडली तेव्हा समोरचे लाल दिवे लागले का?"

"मी रस्ता बघत व्हतो."

"एकही नाही लागला," मी मागून म्हटलं. कारण मला दिसलं होतं. पेट्रोल अडलं की इंजिन थांबतं, पण दिवे लागतात. एकही लागला नाही म्हणजे वीजच तुटली, म्हणजे चावीचा स्विच. मला तिथल्या तिथे कळलं. जड जुडगा वर्षानुवर्षं लोंबकळून स्विच आतून झिजतो, दणका बसला की चावी केसभर मागे फिरते. हे कुठल्याही पुस्तकात आहे. मी ते परीक्षेत लिहिलेलं आहे. पण माझ्याकडे गाडी नेहमी एका चावीवर यायची.

प्रसन्नने जुडगा तळहातावर उचलून धरला. "घ्या आप्पा, परत मोरीवरून." गेलो. काही नाही. हात काढला, परत गेलो. बंद. परत धरला, काही नाही. आप्पांना मजा वाटायला लागली. लहान पोरासारखे ते मोरीवरून गाडी मागेपुढे करत राहिले आणि हा लोकांची घरं तळहातावर घेऊन बसला होता. जुडग्याला हात लावू दिला होता त्यांनी त्याला. मी ते बघत होतो.

स्विच मी बदलला. पण जुडग्याचं काय? मी म्हटलं, काढा तो, घरी खुंटीला ठेवा. आप्पांचा चेहरा पडला. घरी ठेवला आणि कुणी अवेळी मुंबईहून उतरला तर? प्रसन्न म्हणाला, "आप्पा, एवढ्या घरांना एका चावीला लटकवून ठेवणं बरं दिसत नाही. त्यांना गाडीत त्यांची जागा देऊ." आणि त्याने डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या खाली एक पितळेचा हूक बसवला. आप्पा खूश. मी सांगितलेलं आणि त्याने सांगितलेलं ह्यात फरक काय होता? जुडगा चावीतून निघालाच ना शेवटी.

संध्याकाळी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मला ठाऊक होतं ते. स्विचचं."

"हो तर. दिवे तूच सांगितलेस."

"आप्पांनी मला कधी सांगितलं नाही. ते भिकूचं."

"तू विचारलंस कधी?" असं म्हणून त्याने गॉगल रुमालाने पुसला. मग म्हणाला, "तुझं बरोबरच आहे म्हणा. तुझा बापूस रोज संध्याकाळी घरी. रोज दिसणाऱ्या माणसाला कोण काय विचारतो? माझा यायचा वर्षाने. मी वर्षभर प्रश्न साठवायचो. आणि तो आला की नुसता झोपायचा."

त्याचे वडील आम्ही कॉलेजात असतानाच गेले होते. मी आत जाऊन सरबत घेऊन आलो.

वाडीत आप्पांना पुन्हा फोन यायला लागले. प्रत्येकाला ते मोरीची गोष्ट सांगायचे. "प्रसन्नशेठनी शोधलं. स्विच आमच्या बाळ्याने बसवला." ह्यात खोटं काहीच नाही, म्हणून मला तोंड उघडता येत नाही.

मग त्याला मस्कतच्या एका गॅरेजात काम मिळालं. त्याचं घर आरे-वारेच्या बाजूला, खाली समुद्र दिसतो असं. त्याची आई ठाण्याला बहिणीकडे गेली. घर बंद. जायच्या दिवशी तो मला म्हणाला, "लांज्याहून मुंबईची बस पकडतो. आप्पांना भेटून जाईन." म्हणजे सरळ रस्ता सोडून उलट्या दिशेला तासभर. मीच त्याला नेलं.

लांज्याच्या स्टॉपवर आप्पा गाडी घेऊन आले होते. प्रसन्नने वाकून नमस्कार केला आणि खिशातून घराची चावी काढून आप्पांच्या हातात ठेवली. आता मला सांगा. मी रत्नागिरीत राहतो. त्याचं घर माझ्या खोलीपासून दुचाकीवर अर्ध्या तासावर. त्याच्या गावात शेजारी आहेत, भावकी आहे. आणि चावी दिली कुणाला, तर लांज्याच्या आतल्या माणसाला. आप्पांनी नाही म्हणायचं ना? त्यांनी ती तिथेच कडीत घातली. "काळजी नको," म्हणाले.

"तुला हे," मला म्हणाला आणि सामानातून एक चिनीमातीची बरणी काढून दिली. घर बंद करायचं म्हणजे स्वयंपाकघर रिकामं करावं लागतं. त्याच्या आईच्या हातचं कैरीचं लोणचं, तेल काठोकाठ, तोंडाला फडकं बांधलेलं. आप्पांना चावी, मला लोणचं.

आता महिन्यातून एकदा आप्पा गाडी काढून लांज्याहून रत्नागिरीला येतात. मला खोलीवरून घेतात आणि आम्ही त्या घरी जातो. दारंखिडक्या उघडतो, आप्पा वाळवी बघतात, मी झाडतो. मग पायरीवर बसून डबा खातो. पूर्वी ते माझ्याकडे वर्षातून एकदा आले तर आले. जाता-येता मी पुढे बसतो. हुकाला जुडगा खुळखुळत असतो, आणि विचारलं की आप्पा सांगतात, कुठली चावी कुणाची. हे त्याने मुद्दाम केलं की काय, असा मला कधीकधी संशय येतो. तसं असेल तर तेही मला आवडलेलं नाही. माझ्या बापाशी माझी भेट घालून देणारा हा कोण?

तर त्या दिवशी लांज्याला बस आली तेव्हा स्टॉपवर गर्दी होती. तो चढला, खिडकीची जागा मिळवली. मिळणारच. गॉगल डोळ्यांवर घेतला, डोकं मागे टेकलं. आप्पा खिडकीशी जाऊन काहीतरी बोलत होते, पोचलास की फोन कर, असलं काहीतरी. मी त्यांच्या मागे ती बरणी घेऊन उभा. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. जुनी बस, खिडक्या थडथडायला लागल्या. आणि मी ऐकलं, स्पष्ट ऐकलं, त्या सगळ्या आवाजातून इंजिनचा एक ठोका चुकला.

खिडकीत त्याचं बोट वर गेलं. आप्पांना वाटलं निरोप देतोय, त्यांनी हात हलवला. बस निघाली, वळणापर्यंत ते बोट तसंच दिसत होतं.

माझे दोन्ही हात बरणीला होते. नाहीतर त्या दिवशी माझं बोट आधी वर गेलं असतं.